अन्नाचा साक्षी : यहुदी समाजांतील मशगिआह

पवित्र शास्त्राच्या तासाला लेवीय पुस्तकाचा अकरावा अध्याय वाचावयास निघाला म्हणजे वर्गांत थोडीशी चुळबूळ सुरू होते, हा अनुभव बहुतेक शिक्षकांस असेल. कोणत्या प्राण्याचा खूर दुभंगलेला आहे, कोणता प्राणी रवंथ करतो, कोणत्या माशास पर व खवले आहेत, ही लांबलचक यादी मुलांस रुक्ष वाटते. आणि हे नियम त्या काळचे, आतां त्यांचें काय, असा प्रश्न एखादा धीट विद्यार्थी विचारतोच. ह्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, ज्या लोकांस हे नियम दिले गेले त्या यहुदी लोकांतील पुष्कळ कुटुंबें आजही ते पाळीत आहेत. यरुशलेम, लंडन, न्यूयॉर्क येथें तर ते पाळले जातातच. परंतु आपल्या मुंबईंत व कोंकणांतही ते पाळणारीं घरें आहेत.

मात्र काळ बदलला आहे. पूर्वीं धान्य घरच्या जात्यावर दळलें जाई, दूध शेजारच्या गोठ्यांतून येई, आणि मांस ज्याच्याकडून घ्यावयाचें तो मनुष्य तीन पिढ्यांच्या ओळखीचा असे. आतां अन्न कारखान्यांत तयार होतें, डब्यांत बंद होऊन येतें, व तें करणाऱ्याचें तोंडही आपणांस दिसत नाहीं. मग डब्याच्या आंत काय आहे, हें नियम पाळणाऱ्या माणसानें ओळखावें कसें? ह्या अडचणीसाठीं यहुदी समाजानें एक अधिकारी नेमिला. हिब्रू भाषेंत त्यास 'मशगिआह' म्हणतात. त्याचें काम, त्याची योग्यता व त्याच्यावरील जबाबदारी ह्यांची माहिती प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे. विषय दूरचा वाटला तरी त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न आपणां सर्वांचा आहे. जें आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं, त्याविषयीं कोणाच्या शब्दावर भरंवसा ठेवावा, आणि तो शब्द भरंवशास पात्र राहावा म्हणून काय करावें?

कोशेर म्हणजे काय

'कोशेर' ह्या शब्दाचें मूळ हिब्रू रूप 'काशेर' असें असून त्याचा अर्थ 'योग्य' असा आहे. कित्येकांची अशी समजूत असते कीं, धर्मगुरूनें अन्नावर आशीर्वाद उच्चारला म्हणजे तें कोशेर होतें. ही समजूत चुकीची आहे. अन्न कशाचें आहे, तें कोणत्या रीतीनें मिळविलें, आणि कोणत्या भांड्यांत शिजविलें, ह्या तीन गोष्टींवरून तें कोशेर आहे कीं नाहीं हें ठरतें.

चतुष्पाद प्राण्यांपैकीं ज्याचा खूर दुभंगलेला आहे व जो रवंथही करतो, तोच खाण्यास योग्य. म्हणून गाय, मेंढी, बकरी व हरिण हीं चालतात. डुकराचा खूर दुभंगलेला असतो, पण तें रवंथ करीत नाहीं. उंट रवंथ करतो, पण त्याचा खूर नियमांत बसत नाहीं. म्हणून हे दोन्ही प्राणी वर्ज्य. जलचरांपैकीं ज्यांस पर व खवले असतील तेवढेच चालतात. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर समुद्रांतील रावस व नदींतील रोहू चालतात. कोळंबी, खेकडा, शेवंड, कालवें व मुशी चालत नाहींत.

प्राणी योग्य असला तरी तेवढ्यानें भागत नाहीं. त्याचा वध 'शोहेत' नांवाच्या शिकलेल्या व परीक्षा दिलेल्या मनुष्यानें करावा लागतो. त्याची सुरी इतकी निर्दोष असावी लागते कीं, धारेवरून नख फिरविलें असतां केसाएवढीही खांच लागूं नये. आणि ती मध्यें न थांबतां फिरली पाहिजे. नंतर प्राण्याचें फुप्फुस तपासतात. रक्तांत जीव आहे ह्या भावनेनें रक्त खाण्याची सक्त मनाई आहे. यास्तव मांस अर्धा तास पाण्यांत भिजवून, एक तास मीठ लावून निथळत ठेवतात, व पुन्हां तीनदां धुतात. मगच तें भांड्यांत पडतें.

करडूं त्याच्या आईच्या दुधांत शिजवूं नये, ही आज्ञा निर्गम पुस्तकांत दोनदां व अनुवाद पुस्तकांत एकदां आली आहे. तिच्यावरून प्राचीन रब्बींनीं मांस व दूध हीं एकत्र शिजवूं नयेत आणि एकत्र खाऊंही नयेत असा निर्बंध ठरविला. म्हणून नियमनिष्ठ यहुदी घरांत मांसाचीं भांडीं वेगळीं व दुधाचीं वेगळीं असतात, आणि मांस खाल्ल्यावर दूध घेण्यापूर्वीं पुष्कळ समाजांत सहा तास थांबतात. वल्हांडण सणांत खमीर वर्ज्य असल्यानें निराळीच दक्षता लागते. पिठास पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आंत बेखमीर भाकरी भट्टींत गेली पाहिजे. ह्या सर्व नियमांचा विस्तार मिश्ना व तल्मूद ह्या ग्रंथांत आहे. आणि योसेफ कारो ह्या पंडितानें रचलेल्या व 1565 सालीं व्हेनिस येथें प्रथम छापलेल्या 'शुल्हान आरुख' ह्या ग्रंथांत ते व्यवस्थित मांडले आहेत.

ख्रिस्ती मंडळीनें ह्या नियमांपासून स्वतःस मोकळें मानलें. प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायांतील पेत्राचा दृष्टांत विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहेच. परंतु आपण एखादा नियम पाळीत नाहीं म्हणून तो पाळणारा हास्यास्पद ठरत नाहीं. बाबेलच्या राजवाड्यांत राजाच्या ताटांतील पक्वान्नें नाकारून दहा दिवस शाकभाजी व पाणी ह्यांवर राहून दाखविणारा दानीएल आपणांस धैर्याचा आदर्श वाटतो. त्याच्या त्या निग्रहाचें दैनंदिन रूप म्हणजेच हे नियम होत.

मशगिआह कोण असतो

'मशगिआह' म्हणजे लक्ष ठेवणारा, देखरेख करणारा. त्याच्या कामास 'हशगाहा' म्हणतात. आणि विशेष हें कीं, परमेश्वर आपल्या सृष्टीची जी काळजी वाहतो तिलाही यहुदी धर्मग्रंथांत हाच शब्द आहे. यहुदी धर्मपाठशाळांत विद्यार्थ्यांच्या वर्तनाकडे व मनःशुद्धीकडे लक्ष देणारा जो गुरुजन असतो, त्याची पदवीही मशगिआह अशीच आहे. एकच शब्द स्वयंपाकघरांत, पाठशाळेंत व देवाविषयींच्या चिंतनांत योजिला जातो, ह्यावरून त्या समाजांत देखरेखीस केवढें मोल आहे हें दिसून येईल.

मशगिआह रब्बी असलाच पाहिजे असें नाहीं. तो स्वतः शब्बाथ व अन्नाचे नियम पाळणारा, देवभीरु व नियमांचें ज्ञान असलेला असला पाहिजे. संशयाचा प्रसंग आला तर निर्णय रब्बी देतो. मशगिआहानें पाहावयाचें, थांबवावयाचें व सांगावयाचें. त्याची जागा न्यायाधीशाची नसून साक्षीदाराची आहे. येथें एक मोठी मनोरंजक गोष्ट आहे. न्यायालयांतील कामांत मोशेचें नियमशास्त्र दोन अथवा तीन साक्षीदार मागतें. परंतु अमुक अन्न योग्य आहे कीं अयोग्य, ह्याविषयीं रब्बींनीं एकाच विश्वासू माणसाचा शब्द पुरेसा मानला. असें न मानावें तर कोणासही दुसऱ्याच्या घरीं जेवतां आलें नसतें. आई ताट वाढते व मुलगा जेवतो, तेथें दुसरा साक्षी कोण आहे? घरोघरीं हा भरंवसा स्त्रियांवरच ठेवलेला असतो. म्हणूनच विसाव्या शतकांत न्यूयॉर्कचे प्रसिद्ध रब्बी मोशे फाइनस्टाइन ह्यांच्यापुढें, एका मशगिआहाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेनें पोराबाळांच्या पोषणासाठीं तेंच काम करावें काय, असा प्रश्न आला, तेव्हां त्यांनीं तें करण्यास अनुमति दिली.

स्वयंपाकघरांतील एक दिवस

एखाद्या मोठ्या शहरांतील कोशेर भोजनगृहाची कल्पना करूं. सकाळीं मशगिआह येतो व कुलूप काढतो. पुष्कळ ठिकाणीं किल्ल्या त्याच्याच हातीं असतात, धन्याच्या नव्हे. चूल तो स्वतः पेटवितो. कारण कित्येक पदार्थांच्या शिजविण्यांत यहुदी माणसाचा हात लागला पाहिजे असा नियम आहे. इतक्यांत माल येऊं लागतो. मांसाच्या पेटीवर दोन शिक्के आहेत कीं नाहींत, तें तो पाहतो. शिक्क्याच्या आंत शिक्का असावा ही खबरदारी तल्मूदाच्या काळापासूनची आहे. एक शिक्का चुकून फुटेल अथवा कोणी फोडील, दोन्ही बेमालूम फोडणें कठीण. शिक्का नसलेली पेटी आली तर ती परत जाते, मग त्या दिवशीं गिऱ्हाईक उपाशीं गेलें तरी चालेल.

नंतर अंडीं. तीं एकदम कढईंत फोडावयाचीं नाहींत. एकेक अंडें आधीं कांचेच्या पेल्यांत फोडून त्यांत रक्ताचा ठिपका नाहीं ना हें पाहावयाचें. पीठ चाळून घ्यावयाचें. पालेभाजींत तर फारच वेळ जातो. भाजी स्वतः निषिद्ध नाहीं. परंतु तिच्यावरील किडा निषिद्ध आहे, आणि कोबीच्या अथवा कोथिंबिरीच्या पानांत तो सहज लपतो. म्हणून पानें भिजवून, धुऊन, उजेडासमोर धरून तपासावीं लागतात. ज्यांस वाटतें कीं मांस टाकलें म्हणजे मशगिआहाचें काम संपलें, त्यांनीं त्यास कोबी निवडतांना पाहावें.

भांड्यांवर खुणा असतात. मांसाच्या भांड्यांवर तांबडी व दुधाच्या भांड्यांवर निळी, अशी चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. तरी गर्दीच्या वेळीं हातचूक होते. समजा, मांसाच्या कालवणांत दुधाचे कांहीं थेंब उडाले. तेव्हां प्रश्न असा कीं, कालवण दुधाच्या साठपट आहे काय? साठपट असेल तर दुधाची चव नाहींशी झाली असें समजतात व अन्न वांचतें. नसेल तर तें टाकावें लागतें. अशुद्ध झालेलें धातूचें भांडें, ज्या रीतीनें तें वापरलें असेल त्याच रीतीनें शुद्ध करतात: उकळत्या पदार्थासाठीं वापरलें असल्यास उकळत्या पाण्यानें, विस्तवावर कोरडें वापरलें असल्यास विस्तवानें. मातीच्या भांड्यास मात्र हा उपाय चालत नाहीं. शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वीं स्वयंपाक आटोपतो, व शब्बाथास आरंभ होतो.

कारखान्यांतील कामाचें स्वरूप निराळें आहे. तेथें मशगिआहास थोडें रसायनशास्त्रही कळावें लागतें. चीज करतांना दूध विरजण्यासाठीं वापरलेलें द्रव्य वासराच्या जठरांतून काढलें आहे काय? जिलेटीन कोणत्या प्राण्याच्या हाडांचें अथवा कातड्याचें आहे? मिठाईचा तांबडा रंग किड्यांपासून केलेला आहे काय? तेल वाहून आणणाऱ्या टांकींतून मागच्या खेपेस चरबी तर आणली नव्हती? एका बाजूस निषिद्ध पदार्थ शिजवून परत आलेली वाफ दुसऱ्या बाजूच्या नळ्यांत तर शिरत नाहीं? चिठ्ठीवर नुसतें 'तेल' लिहिलेलें वाचून गप्प बसेल तो मशगिआह नव्हे.

येणारा जाणारा

येथें कोणी विचारील, एक मनुष्य एवढ्या सर्व गोष्टी सर्व वेळ कशा पाहील? ह्याचें उत्तर यहुदी पंडितांनीं फार पूर्वीं दिलें आहे. सुमारें इ. स. 200 च्या वेळीं संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथांत द्राक्षारसासंबंधीं एक विचार आहे. यहुदी मनुष्यानें आपला द्राक्षारस परक्याच्या स्वाधीन करून तो दुकानाच्या आंतबाहेर करीत असला, तर त्या द्राक्षारसास बाध येत नाहीं. कारण मालक कोणत्या क्षणीं परत येईल हें राखणारास माहीत नसतें. परंतु आपण बराच वेळ येणार नाहीं असें सांगून तो गेला असेल, तर तो द्राक्षारस चालत नाहीं.

ह्या लहानशा दाखल्यावर पुढील सर्व व्यवस्था उभी आहे. भोजनगृहांत जेथें मांस शिजतें तेथें मशगिआह कायमचा हजर असतो. ज्या कारखान्यांत निषिद्ध वस्तूंचा फारसा संभव नाहीं, तेथें तो केव्हां तरी, न कळवितां येतो. आतां कित्येक ठिकाणीं छायाचित्रें पाठविणाऱ्या यंत्रांचाही उपयोग करतात. तत्त्व एकच: काम करणाराच्या मनांत, कोणी तरी आतां येईल, ही जाणीव जागी राहिली पाहिजे. ज्या वर्गांत शिक्षक अर्धा तास येणार नाहींत हें मुलांस आधींच कळलेलें असतें, त्या वर्गाची स्थिति आठवावी म्हणजे ह्या तत्त्वांतील शहाणपण लक्षांत येईल.

न्यूयॉर्क व अटलांटा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियाच्या साम्राज्यांतून यहुदी लोक फार मोठ्या संख्येनें अमेरिकेंत जाऊं लागले. न्यूयॉर्क शहरांत कोशेर म्हणून विकल्या जाणाऱ्या मांसांत फसवणूक फार चाले. तेव्हां तेथील कांहीं सभास्थानांनीं एकत्र होऊन 1888 सालीं व्हिल्ना शहराहून रब्बी जेकब जोसेफ ह्या विद्वानास मुख्य रब्बी म्हणून बोलाविलें. त्यांनीं विधिपूर्वक मारलेल्या प्रत्येक कोंबडीस शिशाचा शिक्का लावण्याची योजना केली, व देखरेखीच्या खर्चासाठीं शिक्क्यामागें एक सेंट आकारला. लोक खवळले. मांसावरील जो जाचक कर त्यांनीं रशियांत सोसला होता, तोच येथें आला असें त्यांस वाटलें. खाटिकांसही देखरेख नकोच होती. योजना मोडली, आणि तो सत्पुरुष आजारांत व दारिद्र्यांत 1902 सालीं वारला. गंमत पाहा, त्याच्या अंत्ययात्रेस मात्र हजारों लोक लोटले.

पुढें 1915 सालीं न्यूयॉर्क संस्थानानें खोटा माल कोशेर म्हणून विकणें हा गुन्हा ठरविला. परंतु कोशेर कशास म्हणावें हें सरकारानें ठरविणें म्हणजे धर्मांत हात घालणें होय, ह्या कारणावरून तो कायदा 2002 सालीं न्यायालयानें रद्द केला. मध्यंतरीं समाजानें स्वतःच्या संस्था उभारल्या होत्या. अमेरिकेंतील सनातनी यहुदी सभास्थानांच्या संघानें 1923 सालीं हाइन्झ कंपनीच्या डबाबंद मालापासून हें काम सुरू केलें. वर्तुळांत 'यू' हें इंग्रजी अक्षर अशी त्यांची खूण आज आपल्याकडील दुकानांतही कांहीं डब्यांवर आढळते. आपल्या देशांत शाकाहारी पदार्थांवर हिरवा ठिपका असतो, तशीच ही खूण. मात्र तिचा अर्थ शाकाहारी असा नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

ह्या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद प्रसंग अटलांटा शहरीं घडला. तेथें रब्बी टोबायस गेफेन नांवाचे वृद्ध गृहस्थ होते. कोका-कोला हें पेय त्याच शहरचें. तें कोशेर आहे काय, असें निरनिराळ्या गांवांचे रब्बी त्यांस पत्रांनीं विचारूं लागले. ह्या पेयाची कृति व्यापारी गुपित म्हणून जगप्रसिद्ध. गुप्तता पाळण्याचें वचन दिल्यावर कंपनीनें त्यांस घटकपदार्थ कळविले. त्यांत प्राण्यांच्या चरबीपासून काढलेलें ग्लिसरीन आहे असें आढळलें. त्याचें प्रमाण साठाव्या भागाहून कितीतरी कमी होतें. तेव्हां नियम संपला असें म्हणून मोकळें होतां आलें असतें. अनेकांस तें आवडलेंही असतें. परंतु साठपटीचा नियम चुकून पडलेल्या वस्तूसाठीं आहे. जी वस्तु मुद्दाम घातली जाते तिला ती सवलत नाहीं, असा निर्णय गेफेन ह्यांनीं दिला. कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनीं वनस्पतिजन्य तेलाचें ग्लिसरीन वापरून अडचण दूर केली, आणि धान्यापासून केलेल्या मद्यार्काचा वल्हांडणांत बाध येई, तोही बीट व ऊंस ह्यांच्या साखरेपासून केलेला मद्यार्क वापरून टाळला. 1935 सालीं गेफेन ह्यांनीं अनुकूल निर्णय लिहिला. वचन मोडूं नये म्हणून त्यांनीं आपल्या लेखांत त्या द्रव्यांचीं खरीं नांवेंही लिहिलीं नाहींत. एका बाजूस समाजाशीं सत्य, दुसऱ्या बाजूस कंपनीस दिलेला शब्द. दोन्ही त्यांनीं राखलीं.

वेतन कोणी द्यावें

आतां ह्या व्यवस्थेंतील नाजूक जागा पाहूं. मशगिआहासही पोट आहे. त्याचें वेतन जर ज्याच्यावर देखरेख ठेवावयाची तोच धनी देत असेल, तर तो धन्यास अडवील कसा? शिक्का नसलेली पेटी परत पाठवितांना, उद्यां माझी चाकरी राहील काय, हा विचार त्याच्या मनांत येणारच. म्हणून मोठ्या देखरेख-संस्था धन्याकडून शुल्क स्वतः घेतात व मशगिआहास वेतन आपल्या तिजोरींतून देतात. इस्राएल देशांत मात्र पुष्कळ वर्षें भोजनगृहाचा मालकच मशगिआहास वेतन देई. ह्या पद्धतीविरुद्ध तेथें वारंवार तक्रारी झाल्या. न्यूयॉर्कच्या लोकांनीं एक सेंट नाकारला, त्याचा खरा अर्थ येथें कळतो. देखरेखीचा खर्च खाणाऱ्यानें उचलला नाहीं, तर तो विकणारा उचलतो, आणि मग राखणदार विकणाऱ्याचा होतो.

दुसरी नाजूक जागा भिडेची. 2006 सालीं न्यूयॉर्कजवळील मॉन्सी गांवीं असें उघडकीस आलें कीं, एक दुकानदार निषिद्ध कोंबड्या कोशेर म्हणून विकीत होता. तो दुकानदार समाजांत अत्यंत धार्मिक म्हणून नांवाजलेला होता. म्हणूनच त्याच्यावर कडक नजर ठेवण्याचें कोणास सुचलें नाहीं. शेंकडों घरांतील चुली, कढया, सुऱ्या पुन्हां शुद्ध कराव्या लागल्या. मातीचीं भांडीं फेकावीं लागलीं. पैशाचें नुकसान भरून आलें असेल. परंतु ज्या आयांनीं आपल्या मुलांस विश्वासानें तें अन्न वाढलें होतें, त्यांच्या मनास काय वाटलें असेल! देखरेख म्हणजे अविश्वास, असें पुष्कळ सज्जनांस वाटतें. वस्तुतः सज्जनानें स्वतःच देखरेख मागून घ्यावी; त्यायोगें त्याच्या सज्जनपणास बाध येत नाहीं, उलट आधार मिळतो.

कोंकणांतील आमचे शेजारी

हा विषय आपल्या मातींतही रुजलेला आहे. कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत, बेने इस्राएल लोक अनेक शतकें राहत आले. अलिबागजवळ नवगांव येथें त्यांच्या पूर्वजांचें गलबत फुटलें व सात जोडपीं वांचलीं, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेल गाळण्याचा धंदा ते करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. मुंबईंतील त्यांचें पहिलें सभास्थान सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझेकिएल दिवेकर, ह्यांनीं 1796 सालीं बांधविलें, आणि डॉ. जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्यानें 1832 सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत प्रसिद्ध केलें, तें मुख्यतः ह्याच लोकांच्या उपयोगासाठीं. 1948 नंतर त्यांच्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. तरी मुंबई, ठाणें व रायगड ह्या भागांत कांहीं हजार लोक अद्यापि आहेत.

ह्यांच्या परंपरेंत दाविद रहाबी नांवाच्या एका परदेशी यहुदी गृहस्थाची कथा सांगतात. कोंकणांतील हे तेली खरोखर यहुदी आहेत काय, हें त्यास पाहावयाचें होतें. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हता, हिब्रू भाषाही बहुतेक विसरली गेली होती. त्यानें स्त्रियांपुढें नाना प्रकारचे मासे ठेवून ते रांधावयास सांगितलें. त्या बायांनीं पर व खवले असलेले मासे बाजूस काढले आणि उरलेले आम्ही खात नाहीं असें सांगून परत केले. तेवढ्यावरून त्याची खात्री पटली. ह्याच लोकांच्या घरीं मटणाच्या कालवणांत गाईम्हशीचें दूधदहीं न घालतां नारळाचें दूध घालण्याची रीत आहे. मोशेची आज्ञा व कोंकणचा माड ह्यांचा असा सुंदर मिलाफ त्या चुलीवर झाला.

त्या स्त्रियांवर कोण मशगिआह होता? कोणी नव्हता. किल्ली नव्हती, शिक्का नव्हता, अचानक येऊन तपासणारा अधिकारी नव्हता. आईनें मुलीस सांगावें व मुलीनें तसें करावें, एवढ्यावर तो नियम पिढ्यानपिढ्या टिकला. आज आपल्या देशांतील मसाले व तेलें परदेशीं पाठविणारे कित्येक कारखाने कोशेर प्रमाणपत्र घेतात. तेथें मशगिआह येतो, यंत्रें पाहतो, वह्या तपासतो. तें आवश्यकच आहे, कारण तेथील अन्न खाणारा हजारों मैलांवर आहे व त्यास दुसरा आधार नाहीं. परंतु मशगिआहानें राखलेली गोष्ट मुळांत त्या कोंकणी बायांजवळ होती तीच आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील कोणी उद्यां औषधें तयार करील, कोणी पुलाच्या कामावर सिमेंट मोजील, कोणी पतपेढीचे हिशेब तपाशील, कोणी नुसतें दूध घालील. तुमच्या कामाच्या आंत काय आहे, हें घेणारास दिसणार नाहीं. तो तुमच्या शब्दावर निजेल. त्या वेळीं तुमच्यावर कोणी देखरेख ठेवूं लागला तर राग मानूं नका. आणि तुम्हांसच कोणावर देखरेख ठेवावयाची झाली, तर ज्याचें मीठ खातों त्याची भीड आड येऊं देऊं नका. पालकांसही एक विनंति आहे. घरांत मुलांस जें वळण लागतें तें पुढें कोणताही अधिकारी लावूं शकत नाहीं. माशांच्या टोपलींतून योग्य मासा काढून घेणाऱ्या त्या बाईस कोणी पाहत आहे कीं नाहीं, ह्याचा विचारही करावा लागला नाहीं. कारण टोपलींत हात घालण्याचें वळण तिला तिच्या आईनें लहानपणींच लावलें होतें.